रावेरच्या काळ्या रानात रुतलेली केळीची ट्रॉली: एका प्रसंगातलं घर्षण

रावेर तालुक्यातला केळीचा मळा. जूनचा पहिला दमदार पाऊस रात्री पडून गेलेला आणि सकाळी कटाई लागलेली. खरं तर वाफसा यायची वाट बघायला हवी होती, पण घड तयार होते, मजुरांची टोळी ठरलेली होती आणि व्यापाऱ्याचा ट्रक बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला येऊन उभा होता. केळीत एक दिवस थांबणं म्हणजे काय, हे सावदा-फैजपूर-यावल पट्ट्यात कुणाला सांगायला नको.

ट्रॅक्टर साधारण 45 हॉर्सपॉवरचा, मागे चार चाकी ट्रॉली. भरलेली ट्रॉली मळ्यातून निघाली, बांधालगतच्या सखल जागेत आली आणि तिथे बसली. ड्रायव्हर तरुण पोरगा. त्याने पहिल्यांदा केलं ते सगळेच करतात: रेस वाढवली. मागची मोठी चाकं गरगर फिरली, चिखल उडाला आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वीतभर खाली गेला. शेतमालक आप्पा बांधावरून ओरडले, "रेस नको देऊ रे भो, अजून खाली जाईन ती!"

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गातली बरीच मुलं अशाच शिवारांतून येतात. घर्षणाचे प्रकार त्यांना पाठ असतात: स्थितिक (न घसरणाऱ्या पृष्ठभागांमधलं), गतिक (घसरणाऱ्या पृष्ठभागांमधलं), लोटन (लोळणाऱ्या चाकाचं), द्रायू (द्रव-वायूतलं). उतरत्या फळीवरच्या लाकडी ठोकळ्याचं गणितही ती सोडवतात. पण रुतलेल्या ट्रॉलीसमोर उभं केलं तर त्यांतलं काय कुठे लागतं, हे बहुतेकांना सांगता येत नाही. हा प्रसंग मी म्हणूनच सविस्तर मांडतो आहे. घर्षण किती आहे हा पुढचा प्रश्न. ते कुठे आहे आणि कोणत्या जातीचं आहे, हे आधी ठरवावं लागतं. त्या सकाळी बांधावर जे उपाय सुचवले गेले, त्यांतले काही चुकीच्या जागी योग्य होते आणि काही योग्य जागी चुकीचे.

एकाच वाहनाखाली दोन उलट्या गरजा

घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं, हे वाक्य मुलं शाळेतून घेऊन येतात. ते अपुरं आहे. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवर घसरण्याला. ट्रॅक्टरचं मागचं चाक जमिनीला मागे ढकलू पाहतं, म्हणून जमीन त्याला पुढे ढकलते. इथे घर्षणाची दिशा गतीचीच दिशा आहे. ट्रॅक्टर चालतो तो या घर्षणावर, इंजिनाची ताकद फक्त त्याला कामाला लावते. ट्रॉलीच्या चाकांना इंजिन नाही, ती ओढली जातात, आणि त्यांना जमिनीकडून मिळणारा विरोध मागच्या दिशेने असतो.

म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांखाली घर्षण जितकं जास्त तितकं बरं आणि ट्रॉलीच्या चाकांखाली जितकं कमी तितकं बरं. ही दोन्ही घर्षणं एका जातीची नाहीत. चाक न घसरता फिरत असतं तेव्हा जमिनीला टेकलेला त्याचा भाग त्या क्षणापुरता जमिनीच्या तुलनेत स्थिर असतो. गाडी पळत असली तरी पकड मिळते ती स्थितिक घर्षणाची. चाक जागेवर गरगरलं की टेकलेला भाग जमिनीवरून घासत जातो आणि स्थितिकाच्या जागी गतिक घर्षण येतं, जे सहसा कमी असतं. रेस वाढवून पोराने नेमकं हेच केलं: हातात होती ती मोठी पकड सोडून धाकटी घेतली. त्यात टायरच्या खोल नक्षीत माती गच्च भरली आणि टायर गुळगुळीत झाला. मग एका गुळगुळीत चिखलावर दुसरा गुळगुळीत चिखल फिरत राहिला.

आकडे मांडून पाहू

वजनकाटा बांधावर नव्हता, त्यामुळे आकडे अंदाजाने धरू. रिकामी ट्रॉली दीड टन, माल चार टन, मिळून साडेपाच टन. गुरुत्व त्वरण सोयीसाठी 10 धरलं तर वजन 55,000 न्यूटन.

डांबरी रस्त्यावर अशा ट्रॉलीचा लोटन घर्षण गुणांक, म्हणजे वजनाच्या किती पट जोर ओढायला लागतो तो आकडा, 0.02 च्या आसपास धरता येतो. ओढायला लागलं 1,100 न्यूटन. रिकामी असेल तर 300 न्यूटन, दोन-तीन माणसं सपाट रस्त्यावर ती हाताने ढकलू शकतात. हीच ट्रॉली ओल्या, भुसभुशीत रानात आली की गुणांक 0.2 पर्यंत जातो. मग हवेत 11,000 न्यूटन. वजन तेच, चाकं तीच, बेअरिंग तीच, आणि विरोध दसपट.

ही दसपट येते कुठून? लोटन घर्षणात घासणं फारसं नसतंच. चाक खालची जमीन दाबतं आणि स्वतःही थोडं दबतं. डांबर जवळजवळ दबत नाही, टायरचं रबर दबून परत उसळतं आणि थोडीच ऊर्जा उष्णता होऊन जाते. ओली माती दबते ती दबलेलीच राहते, घेतलेली ऊर्जा परत देत नाही. पुढे चाकासमोर मातीचा एक उंचवटा तयार होतो आणि चाक सतत तो चढत राहतं. मागे राहते ती चाकोरी. चाकोरी जितकी खोल, तितकं काम जमिनीत गाडलं गेलं. ट्रॉलीची चाकं धुऱ्यापर्यंत नसली तरी बऱ्यापैकी आत होती, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात ती चारही चाकं एक छोटा चढ चढत होती.

आता ट्रॅक्टर. वजन दोन टन, त्यातला साधारण 13,000 न्यूटन भार मागच्या चाकांवर. कोरड्या घट्ट रानात पकडीचा गुणांक 0.6 मिळाला असता तर ओढ 7,800 न्यूटन. ओल्या काळ्या मातीत 0.3 मिळाला तरी नशीब, म्हणजे 3,900. गरज 11,000 ची, शिवाय ट्रॅक्टरची स्वतःची पुढची चाकं चिखलातून ढकलायला हजार-दीड हजार. 45 हॉर्सपॉवर सोडा, दुप्पट ताकदीचं इंजिन असतं तरी याच टायरांवर आणि याच वजनाला ती ट्रॉली हलली नसती. अडचण इंजिनात नव्हतीच.

"मडगार्डवर बसा रे दोघंतिघं"

हा उपाय गर्दीतून आला, आणि या प्रकरणातला मला सगळ्यात शिकवण्यासारखा वाटतो तो हाच भाग.

घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे नियम फ्रान्समध्ये गिय्योम आमोंतों यांनी 1699 मध्ये मांडले. त्यांच्याही आधी लिओनार्दो दा विंची यांच्या वह्यांत ते सापडतात. चार्ल्स कूलोम यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर पद्धतशीर प्रयोग केले. विजेच्या प्रकरणात येणारे कूलोम ते हेच. या नियमांप्रमाणे मागच्या चाकांवर माणसं बसवली की पकड वाढली पाहिजे. कोरड्या रस्त्यावर वाढतेही.

पण हे नियम एकमेकांत न घुसणाऱ्या, कोरड्या, घट्ट पृष्ठभागांचे आहेत. ओल्या काळ्या मातीत टायर मातीवर घसरत नाही. टायरच्या नक्षीतली माती खालच्या मातीपासून कापली जाते. पकड किती मिळेल हे माती कापायला किती जोर लागतो यावर ठरतं. गंमत अशी की मातीच्या या ताकदीचा नियमही कूलोम यांचाच, 1776 मध्ये छापलेल्या निबंधातला. ते लष्करी अभियंता होते आणि मातीचा भार पेलणाऱ्या भिंतींचा विचार करत होते. त्यांच्या मते मातीची ताकद दोन भागांची असते: एक कणांचा आपसातला चिकटपणा, दुसरा कणांमधलं घर्षण. दुसरा भाग भाराबरोबर वाढतो, पहिला वाढत नाही.

वाळूत किंवा मुरमात जवळजवळ सगळी ताकद दुसऱ्या भागाची. पाण्याने भरलेल्या चिकण मातीत उलटं. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे पाणी पिऊन फुगणारं खनिज भरपूर. वरून एकदम भार टाकला की तो भार कणांवर येण्याआधी मधलं पाणी उचलून धरतं आणि पाण्याला निसटायला वेळ लागतो. कणांमधलं घर्षण वाढतच नाही. उरतो तो चिकटपणा, आणि त्यातून मिळणारी ओढ टेकलेल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते.

मऊ चिकण मातीची ताकद दर चौरस मीटरला 15,000 न्यूटन धरा आणि दोन्ही मागच्या टायरांचं मिळून टेकलेलं क्षेत्र 0.3 चौरस मीटर. गुणाकार 4,500 न्यूटन. वरच्या 3,900 च्या जवळच. पण फरक हा, की या हिशोबात वजन कुठेच नाही. मडगार्डवर दोन माणसं बसवून पकड फारशी वाढणार नाही, ट्रॅक्टर मात्र आणखी खोल जाईल. इथे क्षेत्रफळ वाढवायला हवं. पाठ्यपुस्तकात जे क्षेत्रफळ चालत नाही म्हणून सांगितलं जातं, तेच इथे सगळं ठरवतं. आणि हलत्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेला माणूस घसरला तर मागच्या चाकाखालीच जातो, हे वेगळं सांगतो. आप्पांनी पोरांना खाली उतरवलं ते या भीतीने, आणि ते बरोबर केलं.

केळीचं खोड आणि जपानी प्राध्यापक

पुढचा उपाय हाताशी होता: कापलेल्या केळीची खोडं आणि पानं चाकांखाली घालायची. मळाभर पडलेलीच होती. क्षेत्रफळ वाढेल हा विचार चुकीचा नव्हता. टायर खोडावर चढला, खोड फुटलं, आतलं पाणी आणि चीक बाहेर आला, आणि चाक आधीपेक्षाही मोकळं फिरायला लागलं.

केळीच्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते चिरडलं की टायर आणि माती यांच्यामध्ये बुळबुळीत द्रवाचा थर बसतो, आणि दोन घन पृष्ठभागांतलं घर्षण जाऊन द्रायू घर्षण येतं: पातळ थर आपल्याच थरांवर घसरतो. जपानचे कियोशी माबुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फरशीवरच्या केळीच्या सालीचा घर्षण गुणांक मोजला, तो 0.07 च्या आसपास निघाला. साल चिरडल्यावर आतल्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर येणारा जेल त्याला कारणीभूत. या कामाला 2014 चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. लोक हसले असतील, पण रावेर-यावलच्या ट्रॅक्टरवाल्याच्या ते रोजच्या उपयोगाचं आहे. खोड आणि साल एक नव्हे, तरी चिरडून निघणाऱ्या चिकाचं काम सारखंच.

द्रायू घर्षणाचा स्वभावही वेगळा. कोरडं गतिक घर्षण वेगाने फारसं बदलत नाही. द्रवाच्या थरात मात्र वेग वाढला की फिरणारा पृष्ठभाग द्रवाला आपल्या खाली ओढून घेतो आणि थर टिकून राहतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये याचं गणित मांडलं, आजच्या इंजिनांचे बेअरिंग त्याच गणितावर तरंगतात. इंजिनात हवा असलेला हा थर चाकाखाली नको असतो, आणि रेस वाढवून तो आणखी पक्का होतो.

बेअरिंग जाम झालं असेल, वंगण घाला, असंही कुणी म्हणालं. चांगल्या बेअरिंगचा विरोध मातीच्या 0.2 पुढे नगण्य असतो. तिथे वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

ट्रॉली निघाली ती कशी

आधी निम्मा माल उतरवला. कुणालाच नको होतं हे काम, कारण घड पुन्हा भरायचे आणि उतरवता-चढवताना फण्या खरचटतात, डाग पडतात, भाव पडतो. पण ओढायचं वजन 55,000 वरून 35,000 न्यूटनवर आलं. घड खालच्या चिखलात न ठेवता पानांवर अंथरले. पानांची खरी जागा ती होती.

मग पावडं घेऊन ट्रॉलीच्या प्रत्येक चाकासमोरचा उंचवटा कापला आणि चाकोरीला उतार दिला. खड्ड्यातून चढण्यात जाणारी ताकद वाचली. गुणांक 0.2 वरून 0.12 पर्यंत उतरला असं धरलं, तर ट्रॉलीला 4,200 आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना 800-900, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. अजूनही 4,500 ला जड.

शेवटची तफावत पऱ्हाट्यांनी भरून काढली. शेजारच्या बांधावर गेल्या हंगामातल्या कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. आधी टायरच्या नक्षीतली माती सळईने खरवडून काढली. मग मागच्या चाकांपुढे पऱ्हाट्या आडव्या, एकमेकींत गुंतवून, चाकाच्या दुप्पट रुंदीत पसरल्या आणि वर शेतरस्त्याच्या कडेचा मुरूम टाकला. पऱ्हाटी वाळकी आणि खरबरीत, तिच्यातून चीक निघत नाही. तिची टोकं मातीत रुततात आणि टायरचा जोर मोठ्या क्षेत्रावर पसरतो. 0.3 चौरस मीटरचं क्षेत्र अर्धा चौरस मीटर झालं तरी पकड 7,500 न्यूटनवर जाते. मुरमाने उरलेलं काम केलं, कारण मुरमाच्या कणांत घर्षण भाराबरोबर वाढतं, ट्रॅक्टरच्या वजनाचा तिथे पुन्हा उपयोग होतो.

भुसावळच्या यार्डात इंजिन ड्रायव्हर ओल्या रुळावर चाकाखाली वाळू सोडतो, तो याच कारणाने. पोलादी चाक पोलादी रुळावर इतकं हलकं लोळतं की एक टन ओढायला दहा-वीस न्यूटन पुरतात. केळीची अख्खी गाडी एक इंजिन नेतं ते त्यामुळे. पण तोच गुळगुळीतपणा इंजिनाच्या चाकांखाली नको असतो, म्हणून तिथे वाळू.

ड्रायव्हरने डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा खटका, दाबला. त्याशिवाय ज्या चाकाची पकड सुटलेली असते ते एकटंच फिरतं आणि पकड असलेल्या चाकाला त्याच्याइतकाच थोडा जोर मिळतो. आणि गिअर पहिला लो, रेस अगदी कमी, क्लच सावकाश. चाक फिरू न देता वळवायचं, म्हणजे पकड स्थितिकच राहते. ट्रॉली आधी नुसती कुरकुरली, मग एकदा हलल्यावर थांबली नाही. जागची हलवायला लागणारा जोर चालतं ठेवण्याच्या जोरापेक्षा जास्त असतो, त्यामुळे घट्ट जमीन लागेपर्यंत मध्ये थांबायचं नाही, हे आप्पा हाताने खुणावत होते.

गावातला दुसरा ट्रॅक्टर बोलवायचीही तयारी होती. साखळी लावायचीच झाली तर ती खालच्या ड्रॉबारलाच लावायची. वरच्या टॉप लिंकच्या जागेला किंवा धुऱ्यापेक्षा उंच कुठेही बांधली, तर मागची चाकं अडलेली असताना ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं आणि तो ड्रायव्हरवर उलटतो. ताणलेल्या साखळीच्या किंवा वायर रोपच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. यात माणसं जातात, म्हणून घर्षणाच्या धड्यात नसलं तरी मी हे वर्गात सांगतो.

डांबरावर आल्यावर

बाहेर आलेल्या टायरांना चिकटलेला चिखल डांबरी रस्त्यावर गळायला लागतो. ट्रॅक्टरला त्याचं काही नाही, मागून येणाऱ्या मोटरसायकलला आहे. कोरड्या डांबरावर रबराचा गुणांक 0.7-0.8 पर्यंत असतो, मध्ये ओल्या चिकण मातीचा पातळ थर आला की तो फार खाली येतो, आणि वळणावर ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन पकड आणखी घसरते. आप्पांनी रस्त्याला लागण्याआधी टायर खरवडायला लावले आणि पडलेले गोळे पावड्याने कडेला ओढले. हंगामात हे सगळ्यांनी केलं तर त्या रस्त्यावर पावसाळ्यात पडणाऱ्या गाड्या कमी होतील, असं मला मनापासून वाटतं.

उरलेले घड मजुरांनी डोक्यावरून शेतरस्त्यापर्यंत आणले, ट्रॉली घट्ट जमिनीवर उभी करून पुन्हा भरली. ट्रक दुपारी निघाला.

नंतर आप्पांनी विचारलं, की चार चाकीऐवजी दोन चाकी ट्रॉली घेतली तर? तिच्या मालाचा काही भार हूकवरून ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्यावर येतो. कोरड्या रानात आणि रस्त्यावर हे फायद्याचं: भार वाढला, पकड वाढली, शिवाय मागे ओढायचं वजन कमी झालं. ओल्या काळ्या रानात तोच भार टायरला खाली दाबतो आणि बदल्यात पकड फारशी देत नाही. पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हातात राहत नाही, ते निराळंच. म्हणून त्यांना सांगितलं, ट्रॉली आहे तीच राहू द्या, सखल जागेवर मुरमाचा पट्टा टाका, आणि पावसानंतरच्या कटाईत मळ्यातून निम्मीच ट्रॉली भरून दोन खेपा करा. मुरमाचा पट्टा त्यांनी दिवाळीनंतर, रान वाळल्यावर टाकून घेतला.